ॲव्हरेज वाढवायला एअर फिल्टर बदलावा का?

"गाडी आधी अठराचं ॲव्हरेज द्यायची, आता सोळाच्या वर जात नाही. गॅरेजवाले म्हणतात, कंपनीचा डबा काढून कोन फिल्टर टाका, इंजिनला मोकळी हवा मिळेल, दोन-तीनचा फरक सहज पडेल. टाकू का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. कुणाला कोन फिल्टर सुचवलेला असतो, कुणाला धुऊन वापरायचा कापडी फिल्टर, तर कुणाला पाइपात बसवायची हवा 'फिरवणारी' पत्र्याची चकती. खर्च काहीशे रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो.

आधी उत्तर देतो. तुमची गाडी पेट्रोलवर चालणारी आणि फ्युएल इंजेक्शनची असेल, म्हणजे साधारण २००० सालानंतरची जवळपास कुठलीही कार असेल, तर हवेच्या वाटेत बदल करून ॲव्हरेज वाढत नाही. चुकीचा बदल केला तर ते कमी होऊ शकतं, इंजिनाचं आयुष्य घटू शकतं आणि विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. गाडीचा कागदी फिल्टर स्वच्छ, कोरडा आणि घट्ट बसलेला ठेवा. उरलेला पैसा कुठे लावायचा, तेही पुढे सांगतो.

निर्णयापुरतं तंत्र

साध्या पेट्रोलसाठी एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलं की हा आकडा थोडा खाली येतो. तुमच्या गाडीत आत किती हवा येते हे एक सेन्सर मोजतो, सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळल्यानंतर काय उरलं ते बघतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. जास्त हवा आत गेली, तर ईसीयू पेट्रोलही जास्त सोडतो. म्हणूनच पाय दाबून पळवताना मोकळ्या फिल्टरने पिकअपमध्ये जरासा फरक पडू शकतो, पण तो पेट्रोल जाळूनच मिळतो.

दुसरी गोष्ट, रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ अर्धवट मिटलेली असते. खरा अडथळा तिथे असतो आणि तो तुमच्या पायाने ठरतो. त्याच्या आधीचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी साठच्या वेगाने जाताना इंजिनला लागते तेवढीच हवा लागते.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोक करून ॲव्हरेज मोजलं, तर त्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला पिकअपमध्ये: चोक फिल्टर बदलल्यावर तो साधारण ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र ॲव्हरेजही काही टक्क्यांनी सुधारलं. आता विचार करा, पूर्ण चोक झालेल्या फिल्टरने जिथे ॲव्हरेज घटत नाही, तिथे चांगल्या फिल्टरच्या जागी आणखी मोकळा फिल्टर बसवून ते वाढणार कुठून?

तुमची गाडी कोणत्या प्रकारात बसते?

- पेट्रोल, इंजेक्शन: वर सांगितलं ते पूर्ण लागू. बदल करू नका.
- कार्बोरेटरची जुनी गाडी (पद्मिनी, ॲम्बेसेडर, सुरुवातीची मारुती ८००): इथे फिल्टर चोक झाला की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, गाडी काळा धूर मारते आणि ॲव्हरेज पडतं. फिल्टर वेळेवर बदला, कार्बोरेटरचं ट्यूनिंग करून घ्या. तरीही कोन फिल्टरची गरज नाही.
- डिझेल: डिझेलला हवेची भूक मोठी असते. फिल्टर चोक झाला तर गाडी ओढत नाही, धूर वाढतो, चालक पाय आणखी दाबतो आणि डिझेल जास्त जातं. पण इथेच फिल्टरची गाळण्याची ताकद सर्वांत महत्त्वाची, कारण टर्बोचं पातं प्रचंड वेगाने फिरत असतं आणि बारीक धूळ ते खाऊन टाकते.
- सीएनजी: नव्या सिक्वेन्शियल किटला पेट्रोल इंजेक्शनचाच नियम लागू. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये मात्र चोक फिल्टरमुळे गॅस जास्त ओढला जातो, म्हणून तिथे फिल्टरकडे लवकर लक्ष द्यावं लागतं. अशा किटची गाडी बॅकफायर करत असेल तर आधी प्लग, कॉइल आणि ट्यूनिंग तपासून घ्या. बॅकफायरने फिल्टरचा डबा फुटल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये नेहमी दिसतात.

बाजारात काय काय खपवलं जातं

*डबा काढून कोन फिल्टर.* दिसायला देखणा, आवाजही दमदार. पण कंपनीचा डबा बाहेरची, त्यातल्या त्यात थंड हवा बंपरच्या किंवा ग्रिलच्या वरच्या बाजूने आणतो. डबा काढून कोन उघडाच ठेवला तर तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती किती तापते हे वेगळं सांगायला नको. तापलेल्या हवेने इंजिन नॉक करू लागतं, ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ज्या पिकअपसाठी खर्च केला तोच जातो.

त्या डब्याला एक बारीक नळी जोडलेली असते. इंजिनाच्या आतली तेलकट वाफ ती पुन्हा जाळण्यासाठी परत आणते. घाईत काम करणारे तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती मोकळी सोडतात. मग वाफ बॉनेटखाली पसरते, वास केबिनपर्यंत येतो. त्यातच इंजिनाच्या बाजूचं तोंड नीट बंद केलं नसेल, तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर पाइपातच असतो त्यांत न मोजलेली हवा आत शिरते. आयडलिंग बिघडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो.

*तेल लावायचा कापडी फिल्टर.* हा मूळ डब्यातच बसतो म्हणून लोकांना निर्धोक वाटतो. धोका तेलाच्या प्रमाणात आहे. धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते उडून सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसतं आणि सेन्सर चुकीचं माप देऊ लागतो. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. ज्यांना दर वेळी मोजून तेल लावायचा धीर आहे त्यांनीच याच्या वाटेला जावं, आणि तेही ॲव्हरेजच्या अपेक्षेने नव्हे.

*खाली बंपरमागे तोंड नेणारी कोल्ड एअर किट.* महाराष्ट्रात राहणाऱ्याने ही टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ पाइपाचं तोंड कंपनीने उंच ठेवलेलं असतं ते पाण्यासाठी. ते खाली आणलं की मुंबई-ठाण्यातला पहिला तुंबलेला रस्ता किंवा कोकणातला भरलेला ओढा पुरेसा होतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि वर येणाऱ्या पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढचं बिल इंजिन उघडण्याचं असतं.

*हवा फिरवणारी चकती, 'मॅग्नेट', 'आयनायझर'.* अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा शंभराहून अधिक उपकरणांची तपासणी केली आहे आणि ॲव्हरेजमध्ये ठोस वाढ देणारं एकही सापडलं नाही. चकतीचा स्क्रू सैल होऊन थ्रॉटलपर्यंत गेला तर काय होईल, याचा विचार घेण्याआधी करा.

पैशाचा हिशेब

समजा तुमची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते, ॲव्हरेज १५ आहे आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. वर्षाला ८०० लिटर, म्हणजे ८४,००० रुपये. विक्रेता पाच टक्के वाढ सांगतो. ती खरी मानली तरी वर्षाला सुमारे चार हजार वाचतात. किट बारा हजारांची असेल तर तीन वर्षं फक्त ती फेडण्यात जातात. आणि ही पाच टक्के वाढ मिळतच नाही, हे वर पाहिलं.

मग ॲव्हरेज पडलं कशामुळे?

आधी इंधन बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. दहा टक्क्यांसाठी आखून वीसला जुळवलेल्या गाडीत घट १ ते २ टक्केच. म्हणजे जुनी गाडी सोळाऐवजी पंधरा देत असेल, तर त्यात हवेच्या पाइपाचा दोष नाही. तुमच्या गाडीला ई-२० चालतं का, हे मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याचदा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

त्यापेक्षा जास्त घट असेल तर गॅरेजमध्ये जाऊन या क्रमाने तपासून घ्या:

1. टायरची हवा. चारही टायरच्या सरासरी दाबात एक पीएसआय घट झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी पडतं. दहा पीएसआयने दोन टक्के, शिवाय टायर कडेने झिजतात ते वेगळंच. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा.
2. ब्रेक चिकटतोय का. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलेलं असेल तर तिथला कॅलिपर अडकतो आहे. रिमला हात लावू नका, नुसता जवळ न्या.
3. थर्मोस्टॅट. गाडी एकदा तापली की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि 'आता गाडी गरम होणार नाही' म्हणतात. मग इंजिन नीट तापतच नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघायला सांगा. अर्धा तास चालवूनही ते ८० च्या खाली राहत असेल तर दुखणं सापडलं.
4. ऑक्सिजन सेन्सर. हा बिघडला तर ॲव्हरेज एकदम कोसळतं. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार अशा गंभीर बिघाडाची दुरुस्ती केल्यावर ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड नुसता पुसू देऊ नका, तो काय सांगतो ते लिहून घ्या. स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिमचा आकडा उणे-अधिक दहाच्या बाहेर असेल, तर ईसीयू कुठला तरी दोष भरून काढतो आहे.
5. प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, व्हील अलाइनमेंट. सर्व्हिसिंगमध्ये यांचे पैसे लावलेले असतातच. काम प्रत्यक्षात झालं का, ते बघा.

वाहतुकीत उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर लहान पेट्रोल इंजिनही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं. शहरात ॲव्हरेजचा मोठा वाटा इथेच जातो.

ॲव्हरेज मोजायचं कसं

गाडीच्या डिस्प्लेवरचा आकडा अंदाजाचा असतो. टाकी ते टाकी मोजा: पंपावर ऑटो कट होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान तीनशे-चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर त्याच पद्धतीने कट होईपर्यंत भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असं सलग तीन वेळा करून सरासरी काढा. नवी वस्तू बसवल्यावर माणूस नकळत पाय हलका ठेवतो, आणि श्रेय वस्तूला जातं. एका टाकीवरून कुणाचाही दावा मानू नका.

फिल्टर स्वतः कसा तपासाल

यासाठी बहुतेक गाड्यांत साधनही लागत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना डब्याच्या क्लिपा सोडवा, काहींना स्क्रू असतात. फिल्टर बाहेर काढताना कुठली बाजू वर होती ते लक्षात ठेवा. आता तो उन्हाकडे किंवा टॉर्चसमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत असेल तर आयुष्य बाकी आहे. घड्या काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, कुठे ओलसर किंवा तेलकट असतील तर बदला.

त्यानंतर जे बहुतेक जण करत नाहीत ते करा. डब्याच्या इंजिनकडच्या बाजूला, म्हणजे फिल्टरच्या पलीकडे, पांढरं कोरडं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. तिथे धूळ लागली तर हवा फिल्टरला चुकवून आत जाते आहे. कडेचं रबर दुमडलेलं असतं, डब्याला तडा गेलेला असतो किंवा एखादी क्लिप तुटलेली असते. हा दोष कितीही महागडा फिल्टर बसवून जात नाही. डब्याच्या तळाशी वाळकी पानं किंवा उंदराने आणलेला कापूस दिसला तर तोही काढा.

- कागदी फिल्टर धुऊ नका, आपटू नका.
- कॉम्प्रेसरची हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, लांबून, आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. जवळून जोरात मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात.
- बदलण्याचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तुम्ही रोज कच्च्या रस्त्याने, उसाच्या ट्रॉल्यांमागून, क्रशर किंवा बांधकामाच्या परिसरातून जात असाल तर मॅन्युअलमधला धुळीच्या वापरासाठीचा तक्ता वेगळा बघा, अंतर बरंच कमी असतं.
- चांगला कागदी फिल्टर लहान गाडीसाठी काहीशे रुपयांत मिळतो. बिल आणि पार्ट नंबर घ्या, नकली माल भरपूर आहे.

कायदा, वॉरंटी आणि विमा

मूळ फिल्टरच्या जागी त्याच मापाचा, त्याच प्रकारचा फिल्टर टाकणं ही देखभाल आहे, त्यात कायद्याची अडचण नाही. रचनाच बदलली की प्रश्न सुरू होतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० लागतं, त्यात पहिल्या वेळीच दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वाफेची नळी मोकळी सोडणं आणि डबा काढल्याने वाढलेला आवाज, दोन्ही इथे अंगाशी येऊ शकतात. 'आरटीओवाले बॉनेट उघडून बघत नाहीत' असं विक्रेता सांगतो. अपघातानंतर सर्व्हेअर मात्र बघतो.

वॉरंटी असेल तर पुस्तिकेतला अपवादांचा भाग आधी वाचा. बदल आधीच केला असेल आणि कंपनी वॉरंटी नाकारत असेल, तर कोणत्या भागाची आणि कोणत्या कारणाने, हे लेखी मागा. पाइपातल्या बदलावरून दाराची काच वर करणाऱ्या मोटरची वॉरंटी नाकारणं मान्य करू नका.

विम्यात दोन गोष्टी सांभाळा. केलेला बदल विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि पॉलिसीवर नोंद मागा. आणि पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून किंवा टो करून बाहेर काढा. पाण्यात सेल्फ मारल्याचं कारण देऊन दावे नाकारले जातात. दावा नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा; ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, नकारानंतर एका वर्षाच्या आत जा.

फसवणूक झाली असेल तर

घेण्याआधीच विक्रेत्याला 'इतकं ॲव्हरेज वाढेल' हे बिलावर लिहून द्यायला सांगा. बहुतेक जण तिथेच मागे हटतात. वस्तू घेऊन झाली असेल तर:

- मूळ डबा, पाइप आणि क्लिपा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. ते तुमचे आहेत, आणि परत बसवायला लागतील.
- जाहिरातीचा फोटो, बिल, मेसेज आणि टाकी ते टाकीची नोंद एकत्र ठेवा.
- बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या शिक्क्याने तुमचा हा हक्क जात नाही.
- ऑनलाइन घेतलं असेल तर जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण द्यायचं असतं.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.
- तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून मोजायची.